ताटावरची व्हायव्हा

"एक गोष्ट लक्षात ठेवा, मगदूम मॅडम. एक्स्टर्नलला ताटावर एकटं सोडायचं नाही. खरी व्हायव्हा ताटावरच होते. हॉलमध्ये होतो तो नुसता सत्कार."

इनामदार सरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या एका हातात माझा प्रबंध होता आणि दुसऱ्या हातात माझ्या घरून आलेल्या डब्याचं झाकण. झाकण ते नाकाशी धरून होते.

"यात कांदा नाही?"

"नाही सर. चातुर्मास आहे."

"लसूण?"

"तोही नाही."

"अहो, पुण्याहून माणूस येतोय! त्याला काय वाटेल, दवाखान्यात जेवायला घातलं?"

"पुरणपोळी आहे सर," मी म्हटलं.

तेव्हा कुठं सरांच्या कपाळावरची आठी सैल झाली. सर माझे गाईड, मनानं फार चांगले. पीएचडीचा विद्यार्थी म्हणजे आपल्या घरची लग्नाची मुलगी, अशी त्यांची समजूत. मुलीकडची बाजू म्हणून ते सतत घाबरलेले असायचे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी सांगलीच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मार्केटिंग शिकवत होते. आमच्या डायरेक्टरांनी कुठूनसं ऐकून येऊन बोर्डावर 'बिझनेस स्कूल' असं लिहून घेतलं होतं, तेव्हापासून आसपासचे लोक बालवाडीच्या प्रवेशाची चौकशी करायला यायचे. अशा त्या स्कूलमध्ये मी पीएचडी करत होते. विषय होता गृहिणींची ब्रँडनिष्ठा, उदबत्तीच्या विशेष संदर्भात. म्हणजे बाई एकच उदबत्ती वर्षानुवर्षं का घेते, दुसरी का घेत नाही. हा विषय मी सुचवला तेव्हा सर खुर्चीतून उठलेच होते. "मॅडम, तुम्ही रोज देवापुढं बसता. तुमच्यासारखी माणसं म्हणजे मार्केटिंगचं सोनं! नेम म्हणजे दुसरं काय? रिपीट पर्चेस!"

मी काही बोलले नाही. मी एरवीही कमीच बोलते.

प्रबंधाला वेळ मात्र लागला. शिकवणं, घर, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, रोजचं दर्शन, शिवाय संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण. या सगळ्यातून उरेल त्या वेळात उदबत्ती. विद्यापीठानं मुदत वाढवून दिली, परत वाढवून दिली आणि मग कळवलं की ही शेवटची. या महिन्यात व्हायव्हा होऊन डिग्री पदरात पडली नाही, तर नोंदणी रद्द. सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायचं बळ माझ्यात नव्हतं, हे सरांनाही ठाऊक होतं आणि घरी आमच्या यांनाही.

त्यात व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक म्हणून येणार होते डॉ. नाडकर्णी. मार्केटिंगमध्ये त्यांचं नाव मोठं. त्यांची कीर्तीही मोठी होती. एका मुलानं प्रबंधाच्या पहिल्या पानावर गणपतीचा फोटो छापला म्हणून त्यांनी, "संशोधन कोणी केलंय, यांनी की तुम्ही?" असं लिहून प्रबंध परत पाठवला होता, असं लोक सांगायचे. खरंखोटं कोण जाणे. पण सरांची त्यानंच झोप उडाली होती.

"मॅडम, आता दुसरी गोष्ट. तुमच्या व्रताचं एक अक्षर काढायचं नाही."

"सर, त्यांनी विचारलं तर खोटं नाही बोलता येणार मला."

"विचारतील कशाला? कपाळावर लिहिलंय का? तुम्ही आपण होऊन सांगायचं नाही, एवढंच."

"आपण होऊन नाही सांगणार," मी म्हटलं.

आता ते व्रत काय, ते सांगते. त्या वर्षी आमच्या गावात एका आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मासाचा मुक्काम होता. चातुर्मासात आम्ही त्यांच्याकडून काहीतरी नियम घेतो. कोणी हिरवी भाजी सोडतं, कोणी मीठ. मी मौनाचं जेवण मागितलं. माताजी हसल्या. "बाई, तुमचा आवाज मुळात ऐकू येत नाही. तुम्ही मौन घेतलं तर कळणार कुणाला?"

मी म्हटलं, "माताजी, माझ्या ताटावर कायम कुणीतरी असतं. फोनवर आमचे सर असतात, नाहीतर उदबत्ती असते. भाकरी कधी संपली तेसुद्धा कळत नाही."

त्यांनी नियम दिला, पण पुरता दिला. पानावर बसल्यापासून चूळ भरेपर्यंत शब्द नाही. हूं नाही, चूं नाही, मान हलवायची नाही, हातानं खुणा नाहीत. आणि पानात पडेल ते टाकायचं नाही.

त्या वेळी मला वाटलं होतं, सोपं आहे.

तर, माझा बेत साधा होता. मी त्या पंगतीला बसणारच नव्हते. मी वाढणार, प्रश्नांची उत्तरं देणार आणि सगळं आटोपल्यावर दिवस मावळायच्या आत कुठंतरी कोपऱ्यात माझं पान घेणार. सरांनाही ते पटलं. "वाढा आणि बोला. उत्तम!" नाडकर्णींना साखरेचा त्रास होता, त्यांना वेळेवर खावं लागायचं, म्हणून आधी जेवण आणि मग हॉलमध्ये व्हायव्हा असं ठरलं.

ही सगळी मसलत माझ्या मैत्रिणीला, रेश्माला, माहीत होती. रेश्मा मुजावर आमच्याकडं स्टॅटिस्टिक्स शिकवायची, मिरजेहून यायची. ती म्हणाली, "अगं, मी रोजे धरून लेक्चर घेते, पण मला बोलता तरी येतं. तुझं अवघड आहे. मी शेजारी बसते. काही झालं तर ठसका लागल्यासारखं करीन."

"त्यानं काय होईल?"

"काही नाही. पण तुला एकटं वाटणार नाही."

नाडकर्णी आले. मी मोठा धिप्पाड माणूस डोळ्यांपुढं आणला होता. गाडीतून उतरले ते किडकिडीत, सैल बुशशर्टातले गृहस्थ. डोक्यावर एक केस नाही. सरांनी पुढं केलेला गुच्छ त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिला आणि म्हणाले, "जेवण कुठं आहे? रिकाम्या पोटी मी कुणालाच पास करत नाही."

डायरेक्टरांच्या शेजारच्या खोलीत टेबल मांडलं होतं. नाडकर्णी, इनामदार सर, रेश्मा बसले. मी आमटीचं पातेलं उचललं.

"तुमचं पान कुठं आहे?" नाडकर्णींनी विचारलं.

"मी नंतर जेवते सर. तुम्हाला वाढते आधी."

"छे छे. मी विद्यार्थ्याला वाढपी करून जेवत नाही. माझ्या गाईडच्या घरी मी दळणं आणलीत, त्यांच्या नातवाला शाळेत सोडलंय. तेव्हाच ठरवलं, विद्यार्थी शेजारी जेवायला बसल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. आजवर घेतलेला नाही. बसा."

"सर, त्या नंतरच जेवतात," इनामदार सर घाईनं म्हणाले, "त्यांची तशी पद्धत—" आणि तिथंच त्यांनी जीभ चावली.

"कसली पद्धत?"

"आपली... घरची."

"मग आज कॉलेजच्या पद्धतीनं बसतील."

आणि खरोखरच ते हात मांडीवर ठेवून बसले. आमटीवरची वाफ हळूहळू विरायला लागली. साखरेचा माणूस, वेळ झालेली, बोटं किंचित थरथरताना मला दिसली. सर भुवयांनी मला 'बसा, बसा' करत होते. माझ्यामुळं एका माणसाचं जेवण अडलंय, हे काही मला बघवेना. मी पान घेतलं. एक पोळी, जरा भात. चार घासांत उरकायचं, चूळ भरायची आणि मग काय विचारायचं ते विचारू देत, असं ठरवून मी मनात णमोकार मंत्र म्हटला आणि पहिला घास घेतला.

घास तोंडात गेला आणि नाडकर्णी म्हणाले, "हां. तर मॅडम. तुमच्या सांगलीच्या बायका एकच उदबत्ती घेतात. शेजारच्या दुकानात तिच्याहून चांगली, स्वस्त मिळाली तरी घेत नाहीत. का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. बघायला बंदी नव्हती.

"का घेत नाहीत?"

टेबलाखालून सरांनी मला पाय मारला. तो रेश्माला लागला. ती खरंच ठसकली.

"सर, पाचव्या प्रकरणात मॅडमनी सुवास, टिकाऊपणा, वेष्टन—"

"इनामदार, तुमची पीएचडी झालीय ना?"

"हो सर."

"मग तुम्ही जेवा." ते परत माझ्याकडं वळले. "सवय म्हणायची का ही?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"सवय नाही? मग भीती? उदबत्ती बदलली तर देव रागावेल?"

मी तो तुकडा दुधात बुडवला.

"बरं. मग सरळ आळसच म्हणू या."

आता मात्र माझे कान तापले. मी ज्या बायकांच्या घरी जाऊन बसले होते त्या एकेकीचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पहाटे उठून देवघर पुसणाऱ्या, आंघोळीच्या ओल्या केसांनी काडी पेटवणाऱ्या त्या बायका, आणि हा आळस? उत्तर पार दातांपर्यंत आलं होतं. मी त्याच्यामागं आमटीचा घोट लोटला आणि दोन्ही गिळलं.

नाडकर्णी मला बराच वेळ निरखत राहिले. सरांनी पापण्या मिटल्या. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. गणपतीच्या फोटोच्या गोष्टीनं झोप उडालेला माणूस तेव्हा बहुतेक गणपतीलाच हाक मारत होता.

"मला हे आवडलं," नाडकर्णी म्हणाले.

सरांनी एक डोळा उघडला.

"आजकालची मुलं प्रश्न संपायच्या आत उत्तर देतात. या थांबतात." त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. "मुलाखत कशी घ्यायची ते आपण शिकवतो ना? प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला ती शांतता सोसवत नाही, तो आपोआप बोलतो. तुम्ही ते माझ्यावरच चालवताय होय?"

"मेथडॉलॉजी, सर!" इनामदार सर ओरडलेच. "मॅडमची मेथडॉलॉजी पक्की आहे!"

मेथडॉलॉजीबिथडॉलॉजी काही नव्हती. पण ते सांगायचं कसं? आणि तेवढ्यात दुसरंच संकट उभं राहिलं. माझी पोळी संपत आली होती. चूळ भरायची वेळ जवळ आली होती. नाडकर्णींनी ताटलीतली एक सबंध पोळी उचलून माझ्या पानात ठेवली.

"मला साखर. मी नुसतं बघणार. माझ्या वाटची तुम्ही खा."

नको म्हणायला तोंड नाही, आडवा धरायला हात नाही. आणि पानात पडलेलं टाकायचं नाही. मी पोळी मोडायला लागले. तिच्यावर त्यांनी तूप सोडलं. अगदी मायेनं, धार न मोडता.

"माझ्या आईची पोळी अशीच असायची," ते म्हणाले. "खा, खा." आणि ती पोळी संपायच्या आतच आणखी एक.

रेश्मा म्हणाली, "सर, मॅडमना आता पुरे झालं असेल."

"त्या म्हणतायत का तसं?"

"नाही, पण—"

"मग? त्यांना नको असेल तर त्या सांगतील की. सुशिक्षित आहेत."

रेश्मानं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे गदगदत होते.

मी खात राहिले. अशी पुरणपोळी मी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती आणि नंतरही खाल्ली नाही. मी गप्प, म्हणून ते वाढत होते. ते वाढत होते, म्हणून जेवण संपत नव्हतं. जेवण संपत नव्हतं, म्हणून मी गप्प. आणि मी गप्प म्हणून नाडकर्णी बोलत होते. आधी विद्यापीठांवर बोलले, मग जाहिरातींवर. मग एकदम थांबून म्हणाले, "इनामदार, माझ्या डोक्यावर काय दिसतं तुम्हाला?"

सर सावरून बसले. "तेज, सर."

"केस दिसतात का?"

"...तुरळक."

"कशाला खोटं बोलता? एकही नाही. तरी मी दर महिन्याला माक्याच्या तेलाची बाटली विकत घेतो. एकाच कंपनीची."

रेश्मानं वाटी खाली ठेवली.

"माझं पुस्तक तुम्ही सगळे शिकवता. काय लिहिलंय त्यात? गरज संपली की गिऱ्हाईक जातं. माझी गरज संपून किती वर्षं झाली! आणि दुकानदारानं चुकून दुसऱ्या कंपनीची बाटली पुढं केली तर मी त्याच्यावर डाफरतो. परवाच डाफरलो."

"मग का घेता सर?" रेश्मानं हळूच विचारलं.

त्यांनी उत्तर तिला दिलं नाही. माझ्याकडं बघितलं. मी घास चावायचा थांबवला होता.

"आमची ही लावायची. रविवारी सकाळी. मी पेपर वाचत बसायचो आणि ही मागं उभी राहून जगातल्या सगळ्या तक्रारी करायची. केस गळत गेले तसतसं ही आणखी जोरात लावायची, जसा काही तिचाच अपमान चाललाय." ते जरासे हसले. "केस गेले. मग तीही गेली. बाटली आणणं तेवढं राहिलं."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. नाडकर्णींनी बेध्यानात ताटलीतली शेवटची पोळी उचलली, माझ्या पानात ठेवली आणि तिच्यावर तूप घालायचं मात्र विसरले.

ती मी कोरडीच खाल्ली. मग उठले, बाहेर जाऊन चूळ भरली, तांब्या भरून आणला आणि म्हटलं, "सर, हातावर पाणी घालू?"

नाडकर्णी दचकले. "अरे! बोलता येतं तुम्हाला!"

हॉलमध्ये डायरेक्टर, सगळा स्टाफ आणि हजेरी मिळणार म्हणून आलेली मुलं जमली होती. पोट एवढं तुडुंब भरलं होतं की मी उभी राहूनच सादरीकरण केलं, बसवत नव्हतं. सुवास, टिकाऊपणा, वेष्टन, किंमत. एकेक तक्ता पडद्यावर आला आणि गेला. शेवटच्या तक्त्यावर नाडकर्णींनी हात वर केला.

"थांबा. हा 'इतर कारणे' म्हणून जो खांब आहे, तो बाकीच्या सगळ्या खांबांच्या डोक्यावरून गेलाय. हे 'इतर' म्हणजे काय?"

"सर, ते विश्लेषणात घेतलेलं नाही," इनामदार सर पहिल्या रांगेतून म्हणाले. "सगळे तसंच करतात. 'इतर' नेहमी वगळतात."

"मी त्यांना विचारतोय. आता तरी त्यांचं तोंड रिकामं आहे."

मुलं हसली. मी म्हटलं, "सर, आम्ही बायकांना पर्याय दिले होते. पण पुष्कळ जणींनी त्यातलं काही निवडलंच नाही. 'सासूबाई हीच आणायच्या.' 'माहेरी हीच असायची.' एकीनं सांगितलं, 'आमच्या काकूंनी जाताना अर्धा पुडा माझ्याकडं दिला, तो संपला तेव्हा मी तोच आणला.' हे कुठल्याच पर्यायात बसेना. म्हणून सगळं 'इतर'मध्ये."

"आणि इतर बाहेर."

"हो सर."

"म्हणजे निम्म्याहून जास्त सांगली तुम्ही बाहेर काढलीत."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. सरांचा चेहरा उतरला. माझ्याही पोटात गोळा आला, एवढ्या पोळ्यांतून त्याला जागा कुठं मिळाली कोण जाणे. शेवटची मुदत. प्रबंध परत गेला की सगळं संपलं. नाडकर्णींनी चष्मा काढला.

"एक शेवटचं विचारतो. जेवताना का बोलला नाहीत? ते मेथडॉलॉजीचं मला तेव्हाच पटलं नव्हतं. मेथडॉलॉजीसाठी कुणी एवढ्या पोळ्या खात नाही."

आता त्यांनी विचारलंच होतं.

"सर, माझा नियम आहे. चातुर्मासात जेवताना बोलायचं नाही. खुणाही करायच्या नाहीत. आणि पानात टाकायचं नाही."

मागच्या रांगेतून खसखस ऐकू आली. इनामदार सरांनी कपाळाला हात लावला. नाडकर्णी हसले नाहीत.

"कुणी बघत असतं तुम्हाला?"

"नाही सर."

"मोडला तर दंड?"

"नाही. माताजी फक्त, 'बरं,' म्हणतील."

"आणि समोर डिग्री होती. मी प्रश्न विचारत होतो. मोडावासा वाटला नाही?"

"वाटला की सर. तुम्ही आळस म्हणालात तेव्हा फारच वाटला."

आता मात्र ते हसले. मग पुढं झुकून म्हणाले, "मग का नाही मोडला? फायदा नाही, भीती नाही, कोणी बघत नाही. का?"

मी विचार केला. पडद्यावर तो उंच खांब तसाच होता.

"सर, ते मला सांगता आलं असतं तर पाचवं प्रकरण मी वेगळं लिहिलं असतं." आणि मग जरा भीत भीत म्हटलं, "तुम्हीही विद्यार्थी बसल्याशिवाय जेवत नाही. आज हात थरथरत होता तरी नाही जेवलात."

हॉल एकदम शांत झाला. नाडकर्णींनी टक्कल कुरवाळलं. इनामदार सरांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मी उभीच होते. ती शांतता मोडायची मला घाई नव्हती. त्या चातुर्मासात तेवढी एक सवय लागली होती.

"पास," नाडकर्णी म्हणाले.

टाळ्या वाजल्या. सर एवढ्या जोरात उठले की त्यांची खुर्ची मागं पडली. "सर, मग सही! रिपोर्ट तयार आहे!" नाडकर्णींनी सही केली आणि पेन खिशाला लावत मला जवळ बोलावलं.

"जो प्रबंध आहे तो जाऊ दे विद्यापीठाकडं. आहे त्यात चूक काही नाही. पण त्या पाचव्या प्रकरणानं मला जेवण जाणार नाही इतका त्रास दिलाय. ते तुम्ही पुन्हा लिहा. त्या इतरांचं."

"सर, पण बाइंडिंग झालंय!" इनामदार सर म्हणाले. "सोनेरी अक्षरं टाकलीत."

"ती राहू देत. हे विद्यापीठासाठी नाही. कुणी मागणार नाही, कुणी तपासणार नाही. मीही फोन करून विचारणार नाही. फक्त मॅडमनी शब्द द्यावा."

"कधीपर्यंत सर?" मी विचारलं.

"तारीख नाही. तारीख दिली की त्याचं नुसतं काम होऊन बसतं."

आमच्यात शब्द देणं म्हणजे सहज काही नसतं. मी लगेच हो म्हटलं नाही. सर मला डोळ्यांनी सांगत होते, हो म्हणून टाका, माणूस गाडीत बसला की झालं. मी प्रबंधाकडं बघितलं. मग हात जोडून म्हटलं, "लिहीन सर."

"बस्स," ते म्हणाले आणि गाडीकडं चालायला लागले. मधेच वळून त्यांनी रेश्माला विचारलं, "यांनी पोळ्या किती खाल्ल्या, तुमचं स्टॅटिस्टिक्स काय सांगतं?"

"सर, तो आकडा 'इतर'मध्ये टाकलाय," रेश्मा म्हणाली.

डिग्रीचं कळल्यावर घरात दोन-तीन दिवस माणसांची ये-जा होती. सरांनी स्वतः पेढे वाटले, मुलीचं लग्न पार पडल्यासारखे. डायरेक्टरांनी माझ्या नावापुढं डॉक्टर लावून पाटी करून आणली. ती भिंतीवर ठोकताना सर म्हणाले, "झालं मॅडम! आता उदबत्तीचं नाव काढू नका. आता जरा झोपा." मला दोन दिवस नीट जेवणही गेलं नव्हतं, ते पोळ्यांमुळं, बाकी मी ठीक होते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बस्तीतून दर्शन घेऊन आले, भाकरी केली, मौनानं जेवले, ताट घासून ठेवलं. मग पिशवीत कोरे कागद आणि पेन घातलं. आमचे हे पडवीत पेपर वाचत होते.

"आता कुठं?"

"माधवनगरला."

"कुणाकडं?"

"कुणाकडं म्हणजे... उदबत्तीचं विचारायला."

त्यांनी पेपर खाली केला. "त्रिशला, डिग्री मिळाली ना तुला?"

"मिळाली."

"मग? त्या बायकांनी सांगितलं होतं की एकदा."

"सांगितलं होतं. ऐकायचं राहिलं होतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. आणखी काहीतरी विचारायचं होतं त्यांना, पण मी काही बोलत नाही असं बघून तेही गप्प बसले, आणि थोड्या वेळानं आपण होऊन म्हणाले, "ऊन आहे. डोक्यावर पदर घे."

माधवनगरचं पहिलं घर सूतगिरणीच्या मागच्या गल्लीत होतं. तिथली बाई दुपारी झोपायची, म्हणून त्याच्या आत पोचायला हवं होतं. मी चपला घातल्या, फाटक आवाज न करता लोटलं आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.